एकशे चार मीटर

बॅलार्ड इस्टेटच्या त्या इमारतीला
बाहेरून खिळाही ठोकायचा नाही, तसा नियमच आहे.
आतून भिंत दोन हात जाड, मालाडी दगडाची.
अल्ताफचे तीन ड्रिल-बिट पहिल्याच दुपारी गेले.
"दीदी, ये दीवार नहीं, पहाड है."
मग बंद पडलेल्या लिफ्टच्या विहिरीतून केबल सोडली,
तळमजल्याच्या सर्व्हर खोलीपासून चौथ्या माळ्याच्या टोकापर्यंत.
पोपडे, कबुतरांची पिसं, आणि लोखंडी जाळीला
कुणीतरी कधीतरी बांधलेलं वाळकं लिंबू.

आठ तारा, चार जोड्या.
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी,
पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.
पाढ्यासारखं पाठ. झोपेत विचारा.
जोडीतल्या दोघी एकमेकींना पीळ घालून असतात;
पीळ सुटला की शेजारच्या जोडीचं बोलणं हिच्यात उतरतं.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात,
तांब्याचा एका चिमटीत जातो.
म्हणून टोक सोलताना हात आखडता,
अर्ध्या इंचाच्या वर उलगडायचं नाही.

टेस्टर लावला. आकडा आला: एकशे चार.
नियम शंभरचा.
पेरीन दुबाश चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"चार मीटरमां शूं, डिकरी?"
काहीच नाही बाई, तीच तर पंचाईत.
दिवा आज हिरवा लागेल, उद्याही लागेल.
मग एखाद्या महिनाअखेरीला, जहाज धक्क्याला उभं असताना,
एक पान अर्ध्या वाटेत हरवेल
आणि तुम्ही कीबोर्ड बडवत बसाल.

वाटेत कुठेतरी स्विच बसवणं आलं.
तिसऱ्या माळ्याच्या वळणावर एक कोनाडा सापडला.
त्यात स्टूल, पितळी घंटी, जाड पुठ्ठ्याची एक वही.
"तो मोंडकरांचा कोपरा," हडकर म्हणाले.

धाकू मोंडकर, शिपाई. रिटायर होऊन अकरा वर्षं.
वही उघडली: जावक बारनिशी.
क्रमांक, तारीख, कुणाकडून, कुणाला,
आणि शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याची सही.
सही मिळाली नाही, हडकर सांगत होते,
तर संध्याकाळी तेच पाकीट घेऊन मोंडकर पुन्हा दारात.
तिसऱ्यांदाही नाही, तर साहेबापुढे जाऊन उभे:
"पोचत नाय."
नवं माणूस लागलं की मधल्या हॉलात आरोळी,
"लोबोबाई कोण?"
चाळीस माना वर, हात एकच.
त्यानंतर त्या नावाने पुन्हा कधी ओरडले नाहीत.
टेबल ध्यानात.

मी शिडीवरच बसले होते, दातांत केबल-टाय.
नेमकं हेच मला सहा महिने
आणि अठरा हजार रुपये घेऊन शिकवलं होतं,
इंग्रजीतून.

एक गोष्ट मात्र हडकरांना सांगितली नाही.
स्विच विसरतो.
पाच मिनिटं एखादा बोलला नाही
की त्याचं नाव यादीतून काढतो. राग नाही, लोभ नाही;
माणूस उठून दुसरीकडे गेला असेल, असं धरून चालतो.

स्टूल आम्ही हलवलं नाही.
स्विच त्याच्या वर, बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागणार नाही इतक्या उंचीवर.
(का, ते अल्ताफने विचारलं नाही.)
खाली एकसष्ट, वर त्रेचाळीस.
दिवे लुकलुकायला लागले.

नकाशात जागेचं नाव लिहावं लागतं.
"तिसरा माळा, जिना, वळण" लिहिलं, खोडलं.
लेबलच्या मशीनला आपली लिपी येत नाही,
तरी चिकटवलं ते नाव, काना-मात्रा नसलेलं.

पुढच्या आठवड्यात फोन: चौथा माळा बंद.
म्हटलं, मोंडकरांकडे जाऊन बघा,
दिवा हिरवा आहे का.

पलीकडे क्षणभर कुणीच बोललं नाही.
मग पावलं, जिन्यावरची.